१९६७ च्या चेरोकीचे नवे पॅनल : एव्हिऑनिक्स (विमानातील इलेक्ट्रॉनिक यंत्रणा) नूतनीकरणाच्या प्रकल्प नोंदी

४ ऑक्टोबर

विमान पायपर चेरोकी १४०, बांधणीचे वर्ष १९६७, इंजिन १५० अश्वशक्तीचे लायकमिंग ओ-३२०, विद्युतप्रणाली १४ व्होल्टची. सांगाडा आणि इंजिन चांगल्या स्थितीत आहेत. थकले आहे ते पॅनल, म्हणजे वैमानिकासमोरचा उपकरणांचा फलक. त्या काळी उपकरणांची मांडणी आजच्यासारखी ठरीव झालेली नव्हती, त्यामुळे जायरो (फिरत्या चाकावर चालणारी क्षितिज आणि दिशेची उपकरणे) एका बाजूला, उंचीमापक दुसरीकडे आणि जिथे भोक मोकळे होते तिथे पुढच्या मालकांनी बसवलेली उपकरणे, असा एकूण प्रकार आहे. ढगांत उडताना नजर क्षितिजावरून वेगाकडे, उंचीकडे, दिशेकडे आणि पुन्हा क्षितिजाकडे ज्या क्रमाने फिरायला हवी, तो क्रम या पॅनलवर जमत नाही.

रेडिओंच्या रांगेत किंगचे दोन केएक्स-१७०बी संच, एक एडीएफ (जमिनीवरच्या रेडिओ-केंद्राची दिशा दाखवणारा संच) आणि रडारला उत्तर देणारा केटी-७६ए ट्रान्सपॉन्डर आहे. केएक्स-१७०बी हा दणकट संच खरा, पण तो ७२० चॅनलचा आहे, म्हणजे ११८.०० पासून १३५.९७५ मेगाहर्ट्झपर्यंत पोहोचतो आणि १३६ च्या वरच्या वारंवारता त्याला लागतच नाहीत. शिवाय दोन चॅनलांमधले अंतर २५ किलोहर्ट्झ असल्यामुळे जिथे ८.३३ किलोहर्ट्झ अंतराची सक्ती झाली आहे, उदाहरणार्थ युरोपात, तिथे तो निरुपयोगी ठरतो. एडीएफविषयी फारसे बोलायचे कारण नाही. ज्या एनडीबी केंद्रांवर तो चालतो ती केंद्रे जगभर एकेक करून बंद होत आहेत.

ठरले ते असे : कृत्रिम क्षितिज आणि दिशादर्शक या दोन्हींच्या जागी गार्मिन जी५ ही छोटी इलेक्ट्रॉनिक उपकरणे, उपग्रह-सुधारित जीपीएससह एक नॅव्ह-कॉम (दिशादर्शन आणि संवाद एकत्र असलेला रेडिओ), दुसरा साधा कॉम (संवादाचा) रेडिओ, नवा ऑडिओ पॅनल आणि १०९० मेगाहर्ट्झवर एडीएस-बी आउट देणारा, म्हणजे विमानाचे स्थान आपोआप प्रक्षेपित करणारा, ट्रान्सपॉन्डर. जीपीएस टीएसओ-सी१४६ या मान्य तांत्रिक दर्जाचा घ्यायचा, कारण जुन्या सी१२९ दर्जाच्या संचांना वास, एग्नॉस किंवा गगन यांसारख्या उपग्रह-सुधारणांचा लाभ घेता येत नाही आणि धावपट्टीकडे उतरताना उभ्या दिशेचे मार्गदर्शनही मिळत नाही. वेगमापक आणि उंचीमापक मात्र यांत्रिकच राहणार. जी५ च्या पडद्यावर वेग आणि उंचीच्या पट्ट्या दिसतात, पण प्रमाणित विमानात त्या मुख्य उपकरण म्हणून धरल्या जात नाहीत. मूळची उपकरणे ठेवावीच लागतात. मोठ्या पडद्याचे पूर्ण काचेचे पॅनल करण्याचा आग्रह आमच्यातल्या काहींनी धरला होता. तासाला जेमतेम दोनशे किलोमीटर जाणाऱ्या चार आसनी विमानाला तेवढ्याची गरज नाही, असे माझे मत आहे.

खरेदीच्या आधी एक गोष्ट तपासली. प्रमाणित विमानात बाजारात मिळणारे उपकरण आवडले म्हणून बसवता येत नाही. त्यासाठी एसटीसी, म्हणजे पूरक प्रकार प्रमाणपत्र लागते आणि त्या प्रमाणपत्रासोबतच्या मान्य विमानांच्या यादीत आपले नेमके मॉडेल असावे लागते. परवानाधारक अभियंत्यांनी ही यादी आणि बसवणीची पुस्तिका दोन्ही वाचून झाल्याशिवाय पान्याला हात लावू दिला नाही.

९ ऑक्टोबर

काहीही खोलण्यापूर्वी आहे त्या स्थितीची मोजणी केली. जुन्या प्रणालीचे आकडे हाताशी नसतील, तर नंतर दिसणारा दोष नव्या कामाने आणला की तो आधीपासूनच होता, हा वाद कधीच मिटत नाही.

स्टॅटिक प्रणालीची, म्हणजे बाहेरच्या हवेचा दाब उपकरणांपर्यंत नेणाऱ्या नळ्यांची, गळती तपासणी केली. नळ्यांमधला दाब हळूहळू कमी करून उंचीमापकाचा काटा प्रत्यक्ष उंचीपेक्षा १००० फूट वर नेला आणि पंप बंद केला. एका मिनिटात काटा १०० फुटांपेक्षा अधिक खाली येता कामा नये. आमचा काटा बघता बघता निम्म्यावर आला. शोधाशोध केल्यावर चढ-उतार वेगमापकाच्या मागची रबरी नळी जोडापाशी तडकलेली सापडली. नळी वरून शाबूत दिसते, पण वाकवली की तिच्यात केसासारख्या भेगा उघडतात. सगळ्याच रबरी नळ्या बदलण्याचे ठरले.

विमानाचे वजनही आजच घेतले. डाव्या बाजूला खिडकीखाली असलेल्या दोन स्क्रूंवर पाणसळ ठेवून विमान समतल केले आणि तीन काट्यांवर तीन चाके घेतली. या विमानाच्या मोजमापाचा आरंभबिंदू पंखाच्या पुढच्या कडेच्या ७८.४ इंच पुढे, म्हणजे जवळपास नाकाच्या टोकाशी धरलेला असतो; सर्व अंतरे तिथून मोजली. जुन्या कागदांतले रिकामे वजन आणि काट्यावरचे वजन यांत तफावत निघाली, पण पन्नासहून अधिक वर्षांचे रंगकाम आणि डागडुजी पाहता तिचे आश्चर्य वाटले नाही.

१६ ऑक्टोबर

पॅनल उतरवले. समोरचे उपकरण-फलक बाहेर आले, रेडिओंचे ट्रे निघाले आणि मागचे जंगल दिसू लागले. प्रत्येक पिढीने आपापले यंत्र बसवताना नव्या तारा ओढल्या आणि यंत्र काढताना तारा तशाच कापून मागे ढकलून दिल्या, असा इतिहास इथे थरांनी साचलेला आहे. लोरान-सी या जुन्या रेडिओ दिशादर्शन-प्रणालीच्या संचाची अँटेना केबल तिच्या कनेक्टरसकट शिल्लक आहे. तो संच कधी गेला हे कागदांतून कळत नाही. अमेरिकेतली लोरानची प्रक्षेपणे तर २०१० सालीच बंद झाली. एक जाड लाल तार ब्रेकरपासून निघते, ब्रेकर सुरू केला की तिच्यात वीज असते आणि तिचे दुसरे टोक उघड्या तांब्यासह नियंत्रण-दांड्याच्या शेजारी लोंबकळते. हे वर्षानुवर्षे असेच उडत होते.

ताराही जुन्या पद्धतीच्या आहेत. पीव्हीसीचे आवरण उष्णतेने कडक होऊन बोटाने वाकवताच तडकते. आग लागल्यास हेच पीव्हीसी दाट आणि विषारी धूर सोडते, ही त्याहून मोठी अडचण. काही ठिकाणी दोन तारा नुसत्या पीळ देऊन कापडी पट्टीने गुंडाळल्या आहेत. आधी प्रत्येक तार दोन्ही टोकांना ओळखायची, चिठ्ठी लावायची, नकाशावर खूण करायची आणि मगच कापायची, हा नियम ठरवला आणि तो शेवटपर्यंत पाळला. काम कंटाळवाणे होते, पण इंजिनाच्या इंधनमापकाच्या आणि तेलदाबाच्या तारा याच गर्दीतून जातात आणि त्या ठेवायच्या आहेत. काढलेल्या मृत तारांचा ढीग काट्यावर साडेचार किलोच्या आसपास भरला.

२१ ऑक्टोबर

आज कागदावरचे काम : विद्युतभाराचा हिशोब. अल्टरनेटर ६० अँपिअरचा आहे. सततचा भार क्षमतेच्या ८० टक्क्यांच्या आत ठेवण्याचा प्रघात धरला तर मर्यादा ४८ अँपिअर. लँडिंग लाइटचा जुना दिवा १०० वॅटचा, म्हणजे १३ व्होल्टला सुमारे पावणेआठ अँपिअर तो एकटाच खातो. पिटो हीटर (वेगमापकाची हवानळी गोठू न देणारा) आणि फिरता दिवा हेही भारदस्त गिऱ्हाईक. त्या मानाने नवी उपकरणे मितभाषी आहेत. एक जी५ आपली आतली बॅटरी भरत असतानाही अर्ध्या अँपिअरच्या आसपास राहते. रात्रीच्या उड्डाणाचा, पिटो हीटर सुरू असतानाचा, सर्वांत वाईट प्रसंग धरूनही भार मर्यादेच्या बराच आत बसतो.

हिशोबाचा खरा उपयोग दुसऱ्या प्रश्नासाठी होता : निर्वात पंप ठेवायचा की काढायचा? जुने जायरो इंजिनावरच्या निर्वात पंपाने फिरतात. हा कोरडा पंप कार्बनच्या पात्यांचा असतो आणि तो थकल्याची सूचना देत नाही. पाती तुटतात, जोडणीचा नाजूक भाग ठरल्याप्रमाणे मोडतो आणि काही मिनिटांत जायरो मंदावत खोटी क्षितिजरेषा दाखवू लागतात. ढगांमध्ये ही हळूहळू होणारी फसवणूक एकदम बंद पडलेल्या उपकरणापेक्षा धोकादायक असते. दोन्ही जी५ ना स्वतंत्र बॅटरी आहे आणि पुस्तिकेनुसार ती चार तासांपर्यंत चालते. शिवाय दिशेचे उपकरण गरज पडल्यास क्षितिज दाखवू शकते. जुना निर्वात-आधारित ऑटोपायलट असता तर पंप ठेवणे भाग पडले असते. आमच्या विमानात ऑटोपायलट नाहीच. पंप, गाळणी, नियामक आणि नळ्या काढायच्या आणि इंजिनावरील पंपाच्या जागी गॅस्केटसह झाकणपट्टी लावायची, असा निर्णय झाला.

या काळातील अनेक पायपर विमानांप्रमाणे इथेही बॅटरीच्या जाड केबल तांब्याच्या नसून ॲल्युमिनियमच्या आहेत. वजनासाठी ते ठीक होते, पण टोकांवर ऑक्साइडचा थर चढला की रोध वाढतो आणि स्टार्टर रडत फिरतो. मंजूर तांब्याच्या केबलांचा संच मागवला. एव्हिऑनिक्सशी त्याचा थेट संबंध नाही, असे म्हणता येईल. पण इंजिन सुरू करताना मुख्य बसवरचा (सर्व यंत्रांना वीज वाटणाऱ्या पट्टीवरचा) व्होल्टेज जितका खोल जातो, तितकी नवी यंत्रे मधेच बंद होऊन पुन्हा सुरू होण्याची शक्यता वाढते.

२ नोव्हेंबर

नव्या पॅनलची आखणी. क्षितिज मध्यावर वर, दिशा त्याच्या खाली, वेग डावीकडे, उंची उजवीकडे, म्हणजे रूढ टी-मांडणी. जी५ जुन्या ३⅛ इंचाच्या भोकातच बसते, त्यामुळे तिथे अडचण नव्हती. रेडिओंची रांग ६.२५ इंच रुंदीच्या प्रमाणित ट्रेमध्ये.

अडचण होती ती खोलीची. चेरोकीत पॅनलच्या मागे नियंत्रण-दांड्यांना जोडणारी टी आकाराची पट्टी पुढे-मागे सरकते, आणि यंत्राच्या ट्रेची मागची बाजू, त्यावरचे कनेक्टर आणि त्यातून वळणाऱ्या तारांचा जुडगा या सर्वांना तिच्या वाटेतून दूर राहायचे असते. पुठ्ठ्याचे हुबेहूब डबे करून, मागे कनेक्टरांच्या लांबीएवढे ठोकळे चिकटवून, ते जागेवर बांधले आणि दांडा पूर्ण पुढे, पूर्ण मागे, दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून पाहिला. नॅव्ह-कॉमच्या मागच्या तारा एका कोपऱ्यात पट्टीपासून बोटभरही लांब राहत नव्हत्या. ट्रे एक घर वर सरकवला आणि ऑडिओ पॅनल त्याच्या खाली घेतला. पडद्यावर काढलेल्या चित्रात हे दिसले नसते.

फलक २०२४-टी३ ॲल्युमिनियमच्या पत्र्यातून यंत्रावर कापून घेतला. ब्रेकर उजवीकडे खाली, सर्व ओढून काढता येतील असे. कारण धूर आला तर वैमानिकाला संशयित यंत्राचा ब्रेकर स्वतः ओढता आला पाहिजे.

१५ नोव्हेंबर

हार्नेस, म्हणजे तारांचा तयार जुडगा, विमानात बांधायचा नाही, टेबलावर बांधायचा, हे पहिल्यापासून ठरले होते. लाकडी फळीवर पॅनलचा पूर्ण आकाराचा नकाशा चिकटवला, कनेक्टरांच्या जागी खिळे ठोकले आणि तारा त्या वाटांनी टाकत गेलो. तारा टेफझेल आवरणाच्या, कथील चढवलेल्या तांब्याच्या. सिग्नलसाठी आणि ५ अँपिअरपर्यंतच्या फांद्यांसाठी २२ गेज, त्यापुढे भार आणि लांबी पाहून जाड. १४ व्होल्टच्या प्रणालीत सतत चालणाऱ्या उपकरणापर्यंतची व्होल्टेजघट अर्ध्या व्होल्टच्या आत राहिली पाहिजे, म्हणून लांब फांद्यांत केवळ अँपिअर पाहून भागत नाही.

या कामाचा जीव एका पिनमध्ये असतो, म्हणून तिच्याविषयी सविस्तर लिहितो. तारेचे आवरण उष्ण पात्याने किंवा नेमक्या मापाच्या कापणीने काढायचे. एकही तंतू तुटलेला किंवा ओरखडलेला नको. तंतूंचा मूळ पीळ बोटांनी बिघडवायचा नाही. पिन क्रिंपरच्या (पिन तारेवर दाबून बसवणाऱ्या पकडीच्या) ठेवणीत बसवायची, तार आत सारायची आणि पिनच्या नळीला असलेल्या बारीक तपासणी-भोकातून तंतू दिसत आहेत याची खात्री करायची. दिसत नसतील तर तार पुरेशी आत गेलेली नाही. आवरण पिनच्या तोंडापासून जेमतेम पाऊण मिलिमीटरवर थांबले पाहिजे. ते आत शिरले तर दाबाखाली तांब्याऐवजी प्लास्टिक येते, बाहेर राहिले तर उघडी तार वाकून मोडते. चार बाजूंनी दाब देणारे क्रिंपर एकदा पूर्ण मिटल्याशिवाय उघडतच नाही. मग पिन ओढून पाहायची, कनेक्टरमध्ये टच् आवाज येईपर्यंत सारायची आणि पुन्हा ओढून पाहायची. सोल्डर केलेल्या पिनचा एक दोष असा की झाळ तारेत वर चढते, त्या ठिकाणी तार ताठ होते आणि कंपनांनी नेमकी तिथेच तुटते.

शील्डच्या (बाहेरचा व्यत्यय अडवणाऱ्या धातूच्या जाळीच्या) तारा कनेक्टरच्या धातूच्या मागच्या झाकणापाशी शक्य तितक्या आखूड ठेवल्या. ऑडिओच्या तारांचे शील्ड मात्र एकाच टोकाला, ऑडिओ पॅनलच्या बाजूला, जोडले. दुसरे टोक उघडे ठेवून आवरणाने झाकले. जुडगे प्लास्टिकच्या पट्ट्यांऐवजी मेणाच्या दोऱ्याने बांधले. पट्टीची कापलेली धार हात ओरबाडते आणि घट्ट ओढली तर कोॲक्स (अँटेनाची केबल) चेपते.

२८ नोव्हेंबर

अँटेना. छतावर जीपीएसची, तिच्यापासून पुरेशा अंतरावर कॉमच्या दोन, पोटाखाली ट्रान्सपॉन्डरची. प्रत्येकीखाली आतून दुहेरी पत्रा रिव्हेटने जोडला, म्हणजे हवेच्या दाबाने अँटेना डुलली तरी कातडीला तडा जाणार नाही. बसण्याच्या जागेचा रंग खरवडून, धातूवर रासायनिक संरक्षण देऊन अँटेनाचा तळ आणि कातडी यांतला रोध मोजला, तो २.५ मिलिओमच्या आत हवा. जुनी आरजी-५८ कोॲक्स सगळी काढून टाकली आणि दुहेरी शील्डची आरजी-४०० ओढली. शेपटीच्या उभ्या पंखावरची नॅव्ह अँटेना चांगली होती. तिची केबल तेवढी बदलली.

दिशेसाठी पृथ्वीचे चुंबकीय क्षेत्र मोजणारा चुंबकत्वमापक डाव्या पंखाच्या टोकाजवळ, पितळी स्क्रूंवर. इंजिन, स्टार्टर आणि पोलादी दोऱ्यांपासून तीच जागा सर्वांत दूर.

११ डिसेंबर

विमानात हार्नेस बसला. यंत्रे ट्रेमध्ये न घालता आधी केवळ तारांची तपासणी केली : प्रत्येक ब्रेकर आळीपाळीने सुरू करून प्रत्येक कनेक्टरच्या नेमक्या पिनवरच वीज येते का, ग्राउंडच्या पिनवर खरोखर ग्राउंड आहे का, आणि जिथे काहीच नसायला हवे तिथे काहीच नाही ना, हे यादीवर खुणा करत पाहिले. दोन जी५, चुंबकत्वमापक आणि जीपीएसशी जोडणारा अडॅप्टर ज्या कॅन बसवर (माहितीच्या सामायिक तारांच्या जोडीवर) बोलतात, त्या बसच्या दोन टोकांना १२० ओमचे रोध असतात. वीज बंद असताना दोन तारांमध्ये ६० ओम दिसले की दोन्ही रोध जागेवर आहेत असे समजावे. १२० दिसले असते तर एक टोक उघडे, ४० दिसले असते तर तिसरा रोध कुठेतरी चुकून लागलेला. मीटरने ६० दाखवले.

मग यंत्रे एकेक करून घातली. ट्रान्सपॉन्डरमध्ये विमानाचा २४ बिटांचा पत्ता नोंदणीपत्रावरून दोघांनी स्वतंत्रपणे वाचून भरला. हा पत्ता जगात प्रत्येक विमानाचा वेगळा असतो आणि त्यातला एक अंक चुकला तर विमान नियंत्रकाच्या पडद्यावर दुसऱ्याच कोणाच्या नावाने उडते.

इंजिन सुरू केल्यावर हेडफोनमध्ये बारीक शीळ ऐकू आली. इंजिनाची गती वाढवली की शीळही चढायची, म्हणजे ती अल्टरनेटरची होती. अशा वेळी बहुतेक जण आधी फिल्टर विकत घेतात. आम्ही आधी हेडफोनचे जॅक पाहिले. सहवैमानिकाच्या बाजूचा मूळचा जॅक थेट धातूच्या पट्टीवर कसलेला होता, त्यामुळे ऑडिओचा परतीचा मार्ग एकदा तारेतून आणि एकदा विमानाच्या सांगाड्यातून असा दुहेरी झाला होता. त्या दोन मार्गांमधला सूक्ष्म व्होल्टेज-फरक कानात शीळ बनून येतो. पायरीदार फायबर वॉशरांनी जॅक पट्टीपासून अलग केला आणि शीळ थांबली. फिल्टरची गरज पडली नाही.

२२ डिसेंबर

चुंबकत्वमापकाची व्यत्यय चाचणी. उपकरणाच्या मांडणी-पानावरून चाचणी सुरू करायची आणि ठरलेल्या सेकंदांना ठरलेली गोष्ट करायची : एलेरॉन पूर्ण डावीकडे-उजवीकडे, रडर, फ्लॅप, पिटो हीटर, लँडिंग लाइट, दिशादर्शक दिवे, स्ट्रोब. शेवटी उपकरण सांगते की चुंबकीय क्षेत्र कोणत्या क्षणी किती हलले.

दिशादर्शक दिवे लावताच चाचणी नापास. कारण पाहता पाहता उलगडले. डाव्या टोकाच्या दिव्याला जाणारी वीज एका तारेतून येत होती आणि परत मात्र पंखाच्या पत्र्यातून जात होती. तारेतल्या प्रवाहाचे चुंबकीय क्षेत्र रद्द करायला शेजारी उलट प्रवाहाची तार नव्हती, आणि चुंबकत्वमापक नेमका त्या वाटेवर बसला होता. दिव्यासाठी परतीची वेगळी तार ओढून ती येणाऱ्या तारेसोबत पिळली आणि ग्राउंड पंखाच्या मुळाशी दिले. पुढची चाचणी पास झाली. फिलामेंटच्या जागी एलईडी दिवा बसवला असता तर प्रवाह कमी होऊन चाचणी कदाचित तशीही पास झाली असती. पण तो इलाज झाला नसता.

५ जानेवारी

स्टॅटिक गळती, उंचीमापक आणि ट्रान्सपॉन्डरची चाचणी. नव्या नळ्यांनी स्टॅटिक एका मिनिटात जवळपास जागची हलली नाही. जुना एन्कोडर (ट्रान्सपॉन्डरला उंची कळवणारे यंत्र) ग्रे-कोड या अंकपद्धतीच्या समांतर तारांवरून १०० फुटांच्या टप्प्यांनी उंची पाठवत असे. नवा अनुक्रमी तारेवरून अधिक बारीक टप्प्यांनी पाठवतो. वैमानिकाच्या उंचीमापकावरची उंची आणि ट्रान्सपॉन्डरने कळवलेली उंची यांत १२५ फुटांपेक्षा अधिक फरक नको. तो कुठेच जवळपासही गेला नाही.

नंतर जीपीएसवर रेडिओचा परिणाम पाहिला. कॉम रेडिओ १२१.१७५ वर बोलू लागला की त्याचा तेरावा हार्मोनिक, म्हणजे तेरापट वारंवारता, १५७५.२७५ मेगाहर्ट्झवर पडतो आणि जीपीएसची वारंवारता आहे १५७५.४२. तसेच १३१.२७५ चा बारावा. म्हणून १२१.१५०, १२१.१७५, १२१.२०० आणि १३१.२५०, १३१.२७५, १३१.३०० या सहा वारंवारतांवर दोन्ही रेडिओंनी अर्धा-अर्धा मिनिट प्रक्षेपण करून जीपीएसचे उपग्रह टिकतात का ते पाहिले. टिकले. जुन्या कोॲक्सवर ही चाचणी आम्ही घेतली नव्हती, त्यामुळे श्रेय अँटेनांमधल्या अंतराला द्यावे की केबलला, हे सांगता येत नाही.

आपत्कालीन प्रक्षेपक ४०६ मेगाहर्ट्झचा बसवला. १२१.५ वरच्या प्रक्षेपकांवर उपग्रहांनी लक्ष ठेवणे १ फेब्रुवारी २००९ पासूनच बंद झाले आहे. जुना संच केवळ जवळून जाणाऱ्या विमानाच्या कानी पडला तर पडला.

९ जानेवारी

पुन्हा वजन. विमान ९ किलोने हलके झाले. आनंदाची बाब, पण त्यामागे हिशोब आहे. काढलेले जवळपास सर्व काही, म्हणजे पंप, जुने रेडिओ आणि तारा, विमानाच्या गुरुत्वमध्याच्या पुढे होते. पुढून वजन गेले की गुरुत्वमध्य मागे सरकतो. आधीचे रिकामे वजन ५६० किलो, गुरुत्वमध्य ८६ इंचांवर आणि काढलेल्या निव्वळ वजनाचे सरासरी अंतर ५८ इंच धरले, तर ९ गुणिले २८ भागिले ५५१, म्हणजे ०.४६ इंच मागे. काट्यावरचा आकडा याच्याशी जुळला. मर्यादेच्या आतच आहे, तरी मागच्या आसनांवर दोन प्रवासी आणि सामान असताना हा अर्धा इंच लक्षात ठेवावी लागेल, म्हणून भारपत्रकातील उदाहरणे नव्याने मांडली.

१४ जानेवारी

होकायंत्राचे दिशाशोधन. इंजिन सुरू, सर्व यंत्रे सुरू, आणि दर ३० अंशांनी विमान फिरवत द्रव-होकायंत्राचा फरक नोंदवला. रेडिओ पॅनलवरच्या एका स्क्रूमध्ये चुंबकत्व शिरले होते, तो बदलल्यावर सर्वाधिक फरक ४ अंशांचा राहिला. नवे पत्रक लावले.

२० जानेवारी

चाचणी उड्डाण, स्वच्छ हवेत, दिवसा. जमिनीवर जी५ ची पाणसळ बरोबर होती, पण सरळ उड्डाणात क्षितिज किंचित वर दिसले. उंची स्थिर राहील त्या स्थितीला ते मांडणी-पानावरून जुळवून घेतले. ज्ञात खुणेवरून जाताना व्हीओआरचा (जमिनीवरच्या रेडिओ-केंद्रावरून दिशा दाखवणाऱ्या प्रणालीचा) फरक हवेतल्या ६ अंशांच्या मर्यादेच्या आत. अल्टरनेटर आणि मास्टर बंद केल्यावर दोन्ही जी५ न चाचरता आपल्या बॅटरीवर गेले आणि पडद्यावर बॅटरीची खूण आली. जुन्या जायरोंनी वळणानंतर जो थोडा वेळ खोटेपणा दाखवायचा, तो इथे नाही. दिशाही दर पंधरा मिनिटांनी होकायंत्राशी जुळवावी लागत नाही.

तक्रारी दोन. दुसऱ्या कॉमचा स्क्वेल्च (शांत असतानाची खरखर बंद ठेवणारी मांडणी) थोडा सैल आहे आणि रात्री ऑडिओ पॅनलचे दिवे बाकी पॅनलपेक्षा उजळ दिसतील. दोन्ही मांडणी-पानावरून सुटतात.

२८ जानेवारी

कागद पूर्ण झाले : उड्डाण पुस्तिकेची पुरवणी, देखभाल सूचना, नवी उपकरणसूची, नवे वजन-भारपत्रक, लॉगबुकातील नोंद आणि अभियंत्यांची सही. याखेरीज प्रत्यक्ष ओढलेल्या तारांचा पूर्ण नकाशा, तार-क्रमांक आणि प्रत्येक कनेक्टरच्या पिनांसह, लॉगबुकाच्या पिशवीत ठेवला. नियम एवढा तपशील मागत नाही. पण या विमानाच्या आधीच्या दस्तऐवजांत एकही वायरिंग नकाशा नव्हता, आणि ऑक्टोबरातली तार-ओळख त्यामुळेच लांबली.

काढलेले केएक्स-१७०बी दोन्ही चालू स्थितीत आहेत. ट्रे आणि कनेक्टरांसह खोक्यात बांधले. स्क्वेल्च जुळवला. पॅनलच्या उजव्या टोकाला एक ३⅛ इंचाचे भोक झाकणपट्टीने बंद ठेवले आहे, इंजिनाच्या सिलिंडर-तापमानांचे उपकरण मंजुरीसह मिळाले की तिथे बसेल. त्याच्या तारांसाठी फायरवॉलमध्ये एक अग्निरोधक नळी आताच टाकून ठेवली आहे आणि तिचे तोंड बंद केले आहे.